सिकलसेल आणि दिव्यांगत्वाचा दाखला : चिचगड परिसरातून

गोंदिया जिल्ह्याच्या देवरी तालुक्यात, छत्तीसगडच्या सीमेकडील जंगलपट्ट्यात चिचगड हे गाव वसले आहे. पूर्वीच्या भंडारा जिल्ह्यातील जमीनदारीचे हे एक ठिकाण. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन झाले आणि चिचगड नव्या गोंदिया जिल्ह्यात आले. गावात ग्रामीण रुग्णालय आहे, पोलीस ठाणे आहे. आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय मात्र देवरीला, आणि जिल्हा रुग्णालय त्याहून बरेच पुढे, आमगावमार्गे गोंदियाला. पावसाळ्यात धानाची रोवणी, उन्हाळ्यात मोहफुले आणि तेंदूपत्ता, असे येथील श्रमाचे वर्ष असते. झाडीपट्टीच्या या भागात दिव्यांगांच्या हक्कांचा विचार करायचा झाल्यास तो कुबडी किंवा पांढऱ्या काठीपाशी थांबत नाही. येथे त्याचा संबंध रक्ताशी येतो.

सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार पूर्व विदर्भातील आदिवासी, अनुसूचित जाती आणि इतर मागासवर्गीय समाजांत दीर्घकाळ आढळत आला आहे. शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये त्याचे पहिले वर्णन केले. भारतात त्याची नोंद १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींमध्ये झाली, तर नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्ये मध्य भारतातील आढळाविषयीचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. याचा अर्थ असा, की या प्रदेशातील आजाराची शास्त्रीय नोंद होऊन सहा दशकांहून अधिक काळ लोटला आहे.

तांबड्या पेशीतील हिमोग्लोबिनच्या रचनेत एका अमिनो आम्लाचा बदल होतो आणि ऑक्सिजन कमी झाला की गोल, लवचीक पेशी कोयत्याच्या आकाराची, ताठर बनते. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही पेशी दहा ते वीस दिवसांत नष्ट होते. ताठर पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि सांधे, पाठ, छाती यांत असह्य वेदना सुरू होतात. थंडी, भिजणे, अतिश्रम, ताप आणि शरीरातील पाणी कमी होणे ही या झटक्याची नेहमीची निमित्ते. चिखलात वाकून दिवसभर केलेली रोवणी आणि मे महिन्याच्या उन्हातील तेंदूपत्त्याची तोडणी यांकडे या दृष्टीने पाहिले, तर येथील उपजीविकेची साधनेच रुग्णाच्या जिवावर उठतात असे म्हणावे लागते. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के आणि वाहक असण्याची ५० टक्के असते. वाहकाला सहसा कोणताही त्रास होत नाही; उलट हिवतापापासून त्याला काही प्रमाणात संरक्षण मिळते. हिवतापाच्या प्रदेशांत हा दोष पिढ्यानपिढ्या टिकून राहिला, त्याचे कारण हेच.

आता प्रश्न असा, की असा रुग्ण दिव्यांग ठरतो का? झटका नसेल त्या दिवशी तो चारचौघांसारखा चालतो, बोलतो, शाळेत जातो. झटका आला की आठ-आठ दिवस अंथरुणावर पडून असतो. शासनाने दिव्यांगत्वाची मोजणी आरंभापासून केली ती डोळ्यांना दिसणाऱ्या व्यंगांची. १८७२ ते १९३१ या काळातील जनगणनांत अंध, मूकबधिर, वेडसर आणि कुष्ठरोगी अशा नोंदी होत. स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न वगळला गेला. आंतरराष्ट्रीय अपंग वर्षाच्या निमित्ताने १९८१ मध्ये तो परत आला, १९९१ मध्ये पुन्हा गळला आणि २००१ पासून कायम झाला. २००१ मध्ये देशात २ कोटी १९ लाख, तर २०११ मध्ये २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले. त्यातील महाराष्ट्राचा आकडा दशकभरात सुमारे १५ लाख ७० हजारांवरून २९ लाख ६३ हजारांवर गेला. व्यंगे दुपटीने वाढली असा याचा अर्थ कोणी काढू नये. प्रश्न विचारण्याची पद्धत बदलली की उत्तरही बदलते. २०११ च्या गणनेत सुमारे १८ टक्के व्यक्ती ‘इतर’ या रकान्यात होत्या. सिकलसेलसाठी स्वतंत्र रकाना नव्हताच.

कायद्याचीही हीच तऱ्हा होती. ७ फेब्रुवारी १९९६ पासून अमलात आलेल्या १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमात केवळ सात प्रकार होते आणि रक्तविकार त्यांत नव्हते. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्यता दिली आणि देशातील कायदा त्याच्याशी सुसंगत करणे भाग पडले. डॉ. सुधा कौल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ मध्ये नव्या कायद्याचा मसुदा सादर केला. २०१४ मध्ये राज्यसभेत आलेल्या विधेयकात १९ प्रकार होते आणि त्यांत हिमोफिलिया, थॅलेसेमिया व सिकलसेल यांना स्थान मिळाले. या वाटचालीमागे विदर्भातील चळवळीचा दबाव होता, हे नमूद केले पाहिजे. नागपूरच्या सिकलसेल सोसायटी ऑफ इंडियाचे संस्थापक संपत रामटेके यांनी ही मागणी वर्षानुवर्षे लावून धरली. त्यांच्या कार्याची दखल २०१८ च्या पद्मश्री सन्मानाने घेतली गेली. पुढील वर्षी तोच सन्मान आदिवासी भागांत सिकलसेलवर काम करणारे पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांना मिळाला. संसदेने डिसेंबर २०१६ मध्ये मंजूर केलेला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम १९ एप्रिल २०१७ रोजी लागू झाला. प्रकारांची संख्या २१ झाली आणि अनुसूचीच्या चौथ्या परिच्छेदात सिकलसेलचे नाव आले.

नाव आले, तरी हक्क मिळण्यापूर्वी टक्केवारीचा उंबरठा ओलांडावा लागतो. कायद्यातील बहुतेक ठोस लाभ किमान ४० टक्के, म्हणजे ‘लक्षणीय’ दिव्यांगत्व असलेल्यांसाठी आहेत. हात किंवा डोळा किती निकामी झाला हे मोजण्याचे मापदंड जुने आणि रुळलेले आहेत. वेदना कशी मोजायची? केंद्राने ४ जानेवारी २०१८ रोजी मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि मार्च २०२४ मध्ये ती सुधारली. सिकलसेलच्या रुग्णाला आपला आजार कागदपत्रांवरून सिद्ध करावा लागतो : रक्ततपासणीचे अहवाल, झटक्यांच्या आणि रक्त चढवल्याच्या नोंदी. दवाखान्यात न जाता घरीच सोसलेल्या दुखण्याची नोंद कुठेच नसते. दूरच्या टोल्यावरचा रुग्ण शहरातील रुग्णापेक्षा कागदावर अधिक निरोगी दिसतो, तो यामुळे. प्रारंभी या दाखल्याची मुदत अवघ्या एका वर्षाची होती. जन्मभराच्या आजारासाठी दरवर्षी नव्याने तपासणी कशासाठी, हा आक्षेप रास्त होता. पुढे ती मुदत वाढवून तीन वर्षांची करण्यात आली.

दाखला देण्याचा अधिकार जिल्हा शल्यचिकित्सकांच्या पातळीवरील वैद्यकीय प्राधिकरणाचा, त्यामुळे चिचगडच्या रुग्णाला गोंदियाची वाट धरणे आले. तेथे २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू. १ जून २०२१ पासून दाखला ऑनलाइन प्रणालीतूनच दिला जातो आणि त्यासोबत वैश्विक ओळखपत्र मिळते. ऑक्टोबर २०२४ मधील नियमदुरुस्तीने त्याला रंग आले : ४० टक्क्यांखाली पांढरे, ४० ते ८० टक्क्यांपर्यंत पिवळे आणि त्यावर निळे. अर्ज संगणकावरून करता येतो. तपासणीसाठी मात्र शरीर घेऊनच जावे लागते. एसटीच्या साध्या गाड्यांतून सिकलसेलच्या रुग्णाला मोफत प्रवासाची सवलत २०१८ मध्ये जाहीर झाली, ती अशा फेऱ्यांसाठी खरोखर उपयोगाची. देशभरातील चित्र पाहता, २०१८ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७६ व्या फेरीत दिव्यांग व्यक्तींपैकी जेमतेम २८.८ टक्के जणांकडे दाखला असल्याचे आढळले. सर्व प्रकारांची मिळून ही स्थिती आहे.

दाखला हाती आल्यावर काय मिळते, हे पाहणे उद्बोधक आहे. दहावी-बारावीच्या परीक्षेत सिकलसेलग्रस्त विद्यार्थ्याला तासाला २० मिनिटे जादा वेळ मिळतो. संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या लाभार्थ्यांत सिकलसेलग्रस्तांचा स्वतंत्र उल्लेख आहे. या योजनेचे मासिक अर्थसहाय्य २०२३ मध्ये १,५०० रुपये झाले आणि दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ते २०२५ मध्ये २,५०० रुपये करण्यात आले. अर्थात एकाच योजनेत दाखल्यावरील शब्दाला हजार रुपयांचे मोल आले. ग्रामपंचायतींनी स्वनिधीतील पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी असाही नियम आहे. लहान ग्रामपंचायतींचे स्वतःचे उत्पन्न किती असते, हे सांगायला नको. डिसेंबर २०२२ मध्ये राज्याने दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला.

खरी अडचण कायद्याच्या दोन शेजारी कलमांत आहे. कलम ३२ नुसार शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान पाच टक्के जागा लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या सर्व प्रकारच्या व्यक्तींसाठी राखीव आहेत. सिकलसेलचा ४० टक्क्यांचा दाखला तेथे चालतो. कलम ३४ मध्ये सरकारी नोकऱ्यांतील चार टक्के आरक्षण आहे. तेथे प्रकारांची यादी दिली आहे. अंधत्व व अल्पदृष्टी, कर्णबधिरत्व, मेंदूचा पक्षाघात, कुष्ठरोगमुक्त, ॲसिडहल्लाग्रस्त आदींसह अस्थिव्यंग, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता व मानसिक आजार, आणि या गटांतील बहुविकलांगता. रक्तविकारांचे नाव या यादीत नाही. ज्या दाखल्यावर विद्यार्थ्याला महाविद्यालयात प्रवेश मिळतो, तोच दाखला पदवीनंतर नोकरीच्या अर्जाला जोडता येत नाही. अनुसूचित जमातीचे आरक्षण गोंड किंवा हलबा तरुणाला असते हे खरे. पण त्या आरक्षणात त्याची स्पर्धा निरोगी उमेदवारांशीच होते.

याची एक विदारक बाजू वैद्यकीय आहे. रक्तपुरवठा वारंवार खंडित झाल्याने सिकलसेलच्या अनेक रुग्णांच्या खुब्याच्या सांध्यातील हाड झिजून मृत होते आणि चालणे अवघड बनते. मेंदूच्या रक्तवाहिन्या तुंबून पक्षाघातही होतो. अशा रुग्णाला अस्थिव्यंगाचा दाखला मिळू शकतो आणि तो मिळाला, की कलम ३४ चा दरवाजा उघडतो. हायड्रॉक्सियुरियाची गोळी नियमित घेऊन आणि झटके टाळून ज्याने आपला सांधा शाबूत ठेवला, त्याच्यासाठी तो बंदच राहतो.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियानाचा आरंभ झाला. आदिवासीबहुल भागांतील ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असे त्याचे उद्दिष्ट आहे. महाराष्ट्रात तपासणी व समुपदेशनाचा कार्यक्रम त्याच्या कितीतरी आधीपासून, राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाच्या काळापासून सुरू आहे. तपासणी जसजशी वाढेल तसतशी रुग्णांची नावे पुढे येतील आणि दाखल्यासाठीच्या अर्जांतही भर पडेल. दिव्यांगांसाठी योग्य पदे कोणती, याचा तीन वर्षांतून किमान एकदा आढावा घेण्याची तरतूद कलम ३३ मध्ये आहे. परंतु तो आढावा पदांचा असतो, प्रकारांचा नव्हे. कलम ३४ च्या यादीत रक्तविकार आणायचे, तर त्यासाठी संसदेलाच अधिनियमात दुरुस्ती करावी लागेल.