सांकेतिक बोली, चिनी इंटरनेटवरील
चीनमधील इंटरनेट वापरणाऱ्यांनी सरकारी नियंत्रण चुकवण्यासाठी घडवलेली आडवळणाची बोली. बंदी असलेला शब्द टाळून त्याच्याशी उच्चार जुळणारा दुसरा शब्द, आकडा किंवा चित्र वापरणे ही तिची मुख्य रीत. मँडरिनमध्ये सुरांचे चढउतार सोडले तर वेगळे अक्षरोच्चार सुमारे ४००, लिपीतील चिन्हे मात्र हजारो. त्यामुळे कानाला सारखे आणि डोळ्यांना निराळे शब्द मुबलक सापडतात. शब्दांच्या यादीवरून मजकूर गाळणारी यंत्रणा चिन्हे तपासते; वाचणाऱ्याला मात्र मूळ शब्द लगेच ऐकू येतो.

राष्ट्राध्यक्ष हू जिंताओ यांच्या काळात, २००४ मध्ये, कम्युनिस्ट पक्षाने ‘सुसंवादी समाज’ हे ध्येय मांडले. पुढे काढून टाकलेल्या मजकुराला लोक ‘सुसंवादी झाला’ म्हणू लागले आणि त्या शब्दावरही नजर येताच जवळपास तसाच उच्चार असलेला ‘नदीतला खेकडा’ वापरात आला. २००९ च्या आरंभी ‘गवत-चिखल घोडा’ हा अल्पाकासारखा काल्पनिक प्राणी अवतरला. त्याचे नाव आईवरून दिल्या जाणाऱ्या शिवीशी जुळते. खेकड्यांशी झुंजणाऱ्या या घोड्याची मुलांच्या आवाजातली गाणी पसरली, कापडी खेळणीही विकली गेली. नोव्हेंबर २०१० मध्ये चित्रकार-शिल्पकार आय वेइवेइ यांचा शांघायमधील स्टुडिओ पाडला जाणार होता, तेव्हा तिथे जमलेल्यांना खेकड्यांचीच मेजवानी देण्यात आली. खुद्द आय त्या वेळी बीजिंगमध्ये नजरकैदेत होते.

या बोलीचा सर्वांत मोलाचा वापर ४ जून १९८९ च्या तिआनानमेन हत्याकांडाची आठवण राखण्यासाठी झाला. ती तारीख लिहिता येत नाही म्हणून ‘३५ मे’ लिहिले जाऊ लागले : मेचे ३१ दिवस आणि वर चार. ‘आठाचा वर्ग’ म्हणजे ६४, अर्थात सहाव्या महिन्याचा चौथा दिवस. कादंबरीकार यू हुआ यांनी २०११ मध्ये ‘३५ मे’वर निबंधच लिहिला.

२०१८ मध्ये ‘मी टू’ चळवळीचे उल्लेख हटवले जाऊ लागल्यावर चिनीत ‘मी-तू’ असा उच्चार होणारा ‘तांदूळ-ससा’ रूढ झाला. मार्च २०२० मध्ये वुहानच्या डॉक्टर आय फेन यांची करोना साथीबद्दलची मुलाखत काढून टाकली गेली, तेव्हा लोकांनी ती इमोजी, मोर्स आणि प्राचीन अस्थिलेखांच्या लिपीत पुन्हा प्रसृत केली.

संकेत सर्वांना कळला की नियंत्रकांनाही कळतो, म्हणून त्याचे आयुष्य थोडे असते. ‘३५ मे’सुद्धा पुढे गाळले गेले. जुलै २०२२ मध्ये वेइबो या समाजमाध्यमाने समोच्चारी आणि मुद्दाम बदललेल्या शब्दांविरुद्ध कारवाई जाहीर केली. ऑक्टोबर २०२४ मध्ये इंटरनेट नियामक आणि शिक्षण मंत्रालय यांनी अशा लेखनाविरुद्ध देशव्यापी मोहीम उघडली.