बडोद्याला परतलेले दोघे

परदेशात राहून आलेल्या माणसाची पारख आपल्याकडे फार काळ त्याच्या कोटावरून, काट्याचमच्यावरून आणि समुद्र ओलांडल्याबद्दल त्याने प्रायश्चित्त घेतले की नाही यावरून होत आली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्या-मुंबईत या विषयावर केवढा खल झाला! पण पोशाख आणि खाणेपिणे ज्याचे त्याच्याजवळ राहते, आणि दोनचार वर्षांत निवळतेही. परदेशाहून येणारी खरी मोलाची सवय निराळी आहे. शाळा, वाचनालय, पाणवठा, उतारूंचे मुक्कामाचे ठिकाण ही सगळ्यांची आहेत असे गृहीत धरून तिथे बेधडक पाऊल टाकायचे, ही ती सवय. ती एकट्याने पाळून भागत नाही, भोवतालच्यांनीही ती पाळावी लागते. बडोदे संस्थानात परतलेल्या दोन माणसांच्या हकिकती शेजारी ठेवल्या की हे लख्ख दिसते.

पहिले खुद्द महाराज. सयाजीराव गायकवाड मूळचे मालेगावजवळच्या कवळाण्याचे. ते १८७५ मध्ये दत्तक गेले, १८८७ मध्ये प्रथम युरोपला गेले आणि पुढे आयुष्यभर जात राहिले. १९०६ मध्ये ते अमेरिकेत पोहोचले. तिथली सार्वजनिक ग्रंथालये त्यांच्या मनात इतकी भरली की विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला त्यांनी १९१० मध्ये बडोद्याला बोलावून घेतले. राजवाड्यातला स्वतःचा संग्रह मध्यवर्ती ग्रंथालयाला दिला. ज्या गावात वाचनालय नव्हते तिथे पुस्तकांनी भरलेल्या पेट्या जाऊ लागल्या. सक्तीचे प्राथमिक शिक्षण त्यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सुरू केले होते, ते १९०६ मध्ये संस्थानभर लागू झाले. राजाच्या हाती हुकूम असतो, तिजोरी असते, त्यामुळे त्याने परदेशात पाहिलेले इथे दगडविटांत उभे राहू शकते. तरीही त्याच्या हुकमाला मर्यादा होतीच. अंत्यजांच्या मुलांसाठी शाळा काढल्या, पण तिथे शिकवायला सवर्ण शिक्षक येईनात, तेव्हा मुसलमान आणि पुढे आर्यसमाजी शिक्षकांवर भिस्त ठेवावी लागली.

दुसरे भीमराव आंबेडकर. याच महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची, असा करार होता. न्यूयॉर्कमध्ये नवल भथेना या पारशी तरुणाशी त्यांची मैत्री जुळली, ती जन्मभर टिकली. तिथून लंडन, आणि १९१७ मध्ये बडोदे. परदेशातल्या वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. बडोद्याच्या स्टेशनावर उतरताच ती परतली, कारण राहायचे कुठे हा प्रश्न समोर उभा राहिला. एका पारशी मुक्कामघरात ते पारशी नाव लावून, रोज दीड रुपया भाडे भरून राहिले. वरच्या मजल्यावर अडगळ पडलेली, विजेचा दिवा नाही, दुसरा उतारू नाही. अकराव्या दिवशी सकाळी कचेरीला निघताना काठ्या घेतलेले दहाबारा पारशी जिना चढून आले आणि त्यांनी संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास बजावले. ज्या मित्रांकडे आसरा मिळेल असे वाटले त्यांनीही अडचणी सांगितल्या. अखेर रात्रीच्या मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कामाठी बागेत बसून राहिले. कोलंबियाच्या या विद्वानाला, ग्रंथालयांसाठी नावाजलेल्या शहरात, एक खोली मिळाली नाही.

समतेचा विचार काही बोटीने आला नाही, हा आक्षेप रास्त आहे. जोतीराव फुले कधी परदेशी गेले नाहीत, तरी आपल्या घरचा हौद त्यांनी अस्पृश्यांसाठी खुला केला. आणि खुद्द आंबेडकरांचे घर कबीरपंथी होते. दुसरा आक्षेपही खोटा नाही : त्या काळच्या अमेरिकेत काळ्या माणसाला कायद्यानेच वेगळे बसवले जात होते. म्हणून परदेश म्हणजे न्यायाचे माहेरघर, असे मला म्हणायचे नाही. मात्र विचार पटणे आणि तो रोजच्या वागण्यात मुरणे यांत फार अंतर असते. ग्रंथालयात शिरताना, बाकावर बसताना, खोली मागताना आपली जात कुणी विचारत नाही, हा अनुभव काही वर्षे सलग आला की माणूस तो हक्कच मानू लागतो. मग तो नाकारला गेला की त्याला ते दैव वाटत नाही, अन्याय वाटतो. असा अनुभव मायदेशी मिळू नये, त्यासाठी सातासमुद्रांपलीकडे जावे लागावे, ही आपल्या समाजाची लाजिरवाणी गोष्ट होती.

त्या सवयीचे पुढे काय झाले, ते महाडला दिसले. सीताराम केशव बोले यांच्या ठरावाने १९२३ मध्ये मुंबई प्रांतातली सार्वजनिक पाणवठ्यांची दारे कागदावर उघडली होती. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ मध्ये चवदार तळे खुले केले होते. पण पाण्याला हात लावायला कुणी धजावत नव्हते. बडोद्यात हुकमाची जी मर्यादा दिसली तीच इथे ठरावाची होती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांना घेऊन तळ्यावर गेले आणि ते पाणी प्याले. बडोद्यात जे एकट्याने मागितले होते, ते इथे समुदायाने स्वतः वापरून दाखवले. उत्तर म्हणून परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली, आणि शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी ओतून तळ्याची शुद्धी करण्यात आली. प्रकरण कोर्टात गेले. तळ्यावर अस्पृश्यांचाही हक्क आहे, हे उच्च न्यायालयाने मान्य करायला १९३७ साल उजाडले.