अमूर्त चित्र, झेन आणि धम्मदृष्टी : वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रशाळेच्या निमित्ताने

नागपूर हे नाव उच्चारताच आम्हा बौद्धांच्या मनासमोर १४ ऑक्टोबर १९५६ चा दिवस उभा राहतो, आणि ते स्वाभाविकच आहे. त्याच नागपुरात २ नोव्हेंबर १९२४ रोजी वासुदेव संतू गायतोंडे या चित्रकाराचा जन्म झाला, ही गोष्ट मात्र आमच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध नाही आणि तो ओढूनताणून जोडण्याचा आमचा हेतूही नाही. गायतोंडे यांचे घराणे मूळचे गोव्याचे, त्यांची वाढ झाली गिरगावच्या चाळीत, आणि त्यांनी धम्मदीक्षा घेतलेली नव्हती. तरीही या नियतकालिकात त्यांच्याविषयी लिहिण्यास एक कारण घडले आहे.

आमच्या विहारातील रविवारच्या अभ्यासवर्गात बौद्ध कलेच्या इतिहासावर काही चित्रे पडद्यावर दाखविली जात होती. सांची, भारहूत, अजिंठा असे क्रमाने पाहून झाल्यावर शेवटी गायतोंडे यांचे एक चित्र आले. उभा कॅनव्हास, त्यावर पिवळसर धुके, आणि त्या धुक्यात तरंगत असल्यासारखे काही गडद आकार. वर्गात क्षणभर शांतता पसरली. मग गिरणीतून निवृत्त झालेल्या एका वृद्ध उपासकांनी विचारले, “यात बुद्ध कुठे आहे?” त्यांच्यामागे बसलेल्या तरुण कार्यकर्त्याचा प्रश्न अधिक टोकदार होता : “खोलीचे दार लावून रंग लावत बसणाऱ्या माणसाचा आमच्या चळवळीशी संबंध काय?” दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्या दिवशी आम्हांला त्यांचे समाधानकारक उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख हा त्या उत्तराचा प्रयत्न होय.

प्रथम चरित्राचा धागा थोडक्यात पाहू. गायतोंडे यांनी मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयातून १९४८ मध्ये पदविका घेतली. आरंभीची त्यांची चित्रे आकृतिप्रधान होती. भारतीय लघुचित्रांची सपाट, तेजस्वी रंगयोजना आणि पुढे पॉल क्ले या चित्रकाराची रेषा यांचा त्यांच्यावर ठसा होता. प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपशी त्यांचा संबंध आला. १९५७ मध्ये टोकियो येथील तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पारितोषिक मिळाले. वॉर्डन रोडवरील भुलाभाई देसाई यांच्या नावाने चालणाऱ्या संस्थेत त्यांना काम करण्यास जागा मिळाली होती. समोर समुद्र होता, आणि ते तासन् तास त्या समुद्राकडे पाहत बसत. ती वास्तू आज उरलेली नाही. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या चित्रांतून माणूस, पक्षी, वस्तू हळूहळू नाहीशा झाल्या. १९६४ मध्ये अमेरिकेतील रॉकफेलर निधीची शिष्यवृत्ती मिळून ते न्यूयॉर्कला गेले, १९७१ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि त्यानंतरचे आयुष्य त्यांनी दिल्लीत निजामुद्दीन भागातील एका बरसातीत घालविले. ते अविवाहित होते.

‘अमूर्त’ हा शब्द आम्ही शीर्षकात वापरला असला तरी गायतोंडे यांना तो मान्य नव्हता. एखादे झाड किंवा माणूस घेऊन त्याचा आकार मोडत मोडत गेले की अमूर्त चित्र होते. आपल्या चित्राच्या आरंभी अशी कोणतीही वस्तू नसते, म्हणून ते ‘वस्तुनिरपेक्ष’ आहे, अशी त्यांची भूमिका होती. हा केवळ शब्दच्छल वाटेल. पण त्यांच्या कामाची रीत पाहिली म्हणजे भेद स्पष्ट होतो.

ही रीत सविस्तर पाहणे अगत्याचे आहे. कुंचला हे चित्रकाराचे प्रधान साधन मानले जाते. गायतोंडे यांनी त्याला दुय्यम स्थान दिले आणि भिंती रंगविणाऱ्या कारागिराच्या हातात असतो तसा रोलर व रंग खरडण्याची सुरी, म्हणजे पॅलेट नाइफ, ही साधने हाती घेतली. तैलरंग पातळ करून त्याचा थर कॅनव्हासवर पसरावयाचा. तो थर काही अंशी वाळू द्यावयाचा. त्यावर दुसरा थर, तिसरा थर. मधूनच सुरीने वरचा थर खरडून खालचा उघडा करावयाचा. वर्तमानपत्राचे किंवा मासिकाचे कागद फाडून, त्या तुकड्यांचा उपयोग करून रंग उमटवावयाचा अथवा उचलून घ्यावयाचा. त्यामुळे आकार येतो तो हाताने रेखाटलेला नसतो. तो कागदाच्या फाटलेल्या कडेचा, रंगाच्या दाटपणाचा आणि दाबाचा परिणाम असतो. लावणे आणि काढून घेणे या दोन्ही क्रिया येथे सारख्याच महत्त्वाच्या आहेत. प्रेक्षकाला जो प्रकाश आतून येत असल्यासारखा दिसतो, तो या पातळ थरांतून खालचे रंग झिरपून वर येतात म्हणून. १९६८ पासून त्यांनी आडव्या कॅनव्हासऐवजी उभा कॅनव्हास पत्करला, आणि दृश्याचा, क्षितिजाचा उरलासुरला भासही मावळला.

परंतु या सर्व हस्तकौशल्याला लागणारा वेळ हा एकूण वेळाचा लहान भाग होता. उरलेला वेळ ते कॅनव्हाससमोर बसून असत. वर्षाकाठी पाच-सहा चित्रे, क्वचित थोडी अधिक, एवढीच त्यांची निर्मिती. चित्राला नाव नाही. प्रतीक शोधणाऱ्या समीक्षकाला त्यांच्याकडून साहाय्य नाही.

आता झेनविषयी. गायतोंडे यांनी झेनचे ऋण स्वतः मान्य केले आहे. निसर्ग समजून घेण्यास त्याचे साहाय्य झाले असे त्यांनी सांगितले. ‘झेन’ हा शब्द आमच्या वाचकांना परका वाटण्याचे कारण नाही. पालीतील ‘झान’, संस्कृतातील ‘ध्यान’, चीनमध्ये ‘चान’ आणि जपानात ‘झेन’ असा त्याचा प्रवास आहे. तथागतांच्या भूमीतून निघालेला शब्द दीड हजार वर्षांनी पुस्तकांच्या वाटेने मुंबईच्या समुद्रकाठी परत आला, असे म्हणता येईल. मात्र त्यांच्यावर रमण महर्षी, जे. कृष्णमूर्ती आणि मुंबईचेच निसर्गदत्त महाराज यांचाही प्रभाव होता. तेव्हा ‘बौद्ध चित्रकार’ असा शिक्का त्यांच्यावर मारणे हे ऐतिहासिक सत्याला धरून होणार नाही. महापुरुषांना आणि कलावंतांना आपल्या गोटात ओढण्याची घाई इतरांनी केली म्हणून आम्हीही करावी, हे बरे नव्हे.

त्यांच्या चित्रांना ‘झेन चित्रे’ म्हणणाऱ्यांनाही आमचा एक तांत्रिक आक्षेप आहे. जपानी भिक्खू सेंगाई (१७५०-१८३७) यांचे वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन यांचे शाईचित्र प्रसिद्ध आहे. शाई आणि कागद यांच्या त्या परंपरेत फटकारा एकदाच मारावयाचा असतो. कागद शाई पिऊन टाकतो, आणि चूक पुसता येत नाही. गायतोंडे यांचा तैलरंग याच्या नेमका उलट आहे. तेथे थर चढतो, खरडला जातो, पुन्हा चढतो. जपानी भिक्खूचे चित्र एका श्वासाचे, तर यांचे चित्र अनेक महिन्यांचे. साम्य असेल तर ते चित्रापूर्वीच्या बैठकीत आहे.

झेनबाबत आणखी एक गोष्ट आम्ही स्पष्टपणे लिहितो, कारण आमच्या तरुणांत झेनचे आकर्षण वाढत आहे. १९५० च्या दशकात झेनचा पश्चिमेत मोठा प्रसार करणाऱ्या पुस्तकांपैकी एक धनुर्विद्येवरील होते. त्याचे जर्मन लेखक ऑयगेन हेरिगेल हे नाझी पक्षाचे सभासद होते. ब्रायन व्हिक्टोरिया या अभ्यासकाने १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात जपानमधील अनेक झेन आचार्यांनी साम्राज्यवादी युद्धाला कसा पाठिंबा दिला, याचे पुरावे मांडले आहेत. मन शांत आहे, हात स्थिर आहे, आणि त्या हातात तलवार आहे, असे घडू शकते. शीलाविना समाधी ही धम्म नव्हे. परमपूज्य बाबासाहेबांनी नीतीला धम्माच्या केंद्रस्थानी का ठेवले, ते अशा वेळी ध्यानात येते. गायतोंडे यांच्याकडे या दोषाचा अंशही दिसत नाही, हे सांगितले पाहिजे. त्यांचा एकांत कोणाच्याही सत्तेच्या सेवेला नव्हता.

आता वृद्ध उपासकांच्या प्रश्नाकडे वळू. यात बुद्ध कुठे आहे? हा प्रश्न सांचीच्या तोरणापुढे उभे राहूनही विचारता येतो. तेथे तथागतांच्या जागी रिकामे आसन आहे, पदचिन्हे आहेत, बोधिवृक्ष आहे, धम्मचक्र आहे. मानवी देह नाही. अभ्यासकांमध्ये या शिल्पांच्या अर्थाविषयी मतभेद आहेत, परंतु मूर्तीवाचूनही उपासकाचे मन तथागतांकडे वळू शकत होते, एवढे तरी त्यातून निश्चित होते. दुसरे असे की, ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अनित्यतेचे विवेचन करताना बाबासाहेबांनी शून्यतेचा अर्थ लावला आहे. शून्यता म्हणजे अभाव किंवा विनाश नव्हे. जगात क्षणोक्षणी चाललेले परिवर्तन म्हणजे शून्यता, आणि तिच्यामुळेच सर्व काही शक्य होते, असा तो आशय आहे. तेथे त्यांनी बिंदूची उपमा योजिली आहे : बिंदूला आशय असतो, पण लांबी-रुंदी नसते. हे विवेचन वाचून मग गायतोंडे यांच्या चित्रातील तरंगत्या आकारांकडे पाहावे. ते आकार येत आहेत की विरत आहेत, याचा निर्णय होत नाही. आम्ही असे म्हणत नाही की चित्रकाराने तो ग्रंथ वाचून रंग लावला. पाहणाऱ्या बौद्धाला मात्र तेथे अनित्यतेचे दर्शन घेण्यास कोणाची अनुज्ञा लागत नाही.

चित्रशाळा आणि विहार हे शब्द एकत्र आले की अजिंठ्याची आठवण अपरिहार्य आहे. तेथील चित्रकारांची रीतही थरांचीच होती. खडबडीत कातळावर मातीचा गिलावा, त्यात गवताचे तंतू व भाताचे तूस, त्यावर पातळ पांढरा लेप, मग गेरूची रेषा, मग रंग. तांबडी व पिवळी माती, हिरवी माती, काजळी हे रंग जवळपासचे, पण निळ्यासाठी लागणारा लाजवर्द दूर अफगाणिस्तानातून येई. सोळाव्या लेण्याचा दाता वाकाटक राजा हरिषेणाचा अमात्य वराहदेव, आणि सव्विसाव्या लेण्याचा भिक्खू बुद्धभद्र, हे शिलालेखांवरून ज्ञात आहे. गिलावा मळणारे, लाजवर्द घोटणारे, अंधारात डोळे ताणून रेषा ओढणारे हात कोणाचे होते, हे त्या लेखांतून कळत नाही. पुढे १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी या चित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्यांपैकी कितीतरी प्रतिकृती १८८५ मध्ये लंडनमधील आगीत नष्ट झाल्या. त्याआधी रॉबर्ट गिल यांच्या प्रतिकृतींचीही १८६६ मध्ये तीच गत झाली होती. ज्या कलाशाळेने अजिंठा असा गिरविला, तिच्यातूनच गायतोंडे बाहेर पडले. अजिंठ्याची कथा त्यांनी घेतली नाही. पृष्ठभाग तयार करण्याची चिकाटी मात्र तीच आहे, असे आम्हांला वाटते.

राहिला तरुण कार्यकर्त्याचा प्रश्न, आणि तो सर्वांत कठीण आहे. भिक्खू निर्माण करण्यात भगवंतांचा हेतू कोणता होता, परिपूर्ण पुरुष की समाजसेवक, हा प्रश्न बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथाच्या प्रास्ताविकातच उपस्थित केला आहे. आणि केवळ परिपूर्ण पण आत्ममग्न भिक्खू धम्मप्रसाराच्या कामाचा नाही, असे त्यांनी बजावले आहे. हा निकष चित्रकाराला लावावा काय? चित्रकाराने चीवर धारण केलेले नाही, चारिकेचे व्रत घेतलेले नाही, उपासकांच्या दानावर तो जगत नाही. त्याला भिक्खूच्या मापाने मोजणे अन्याय्य होईल. परंतु त्याच्या मौनालाच धम्म म्हणणे हीदेखील तितकीच मोठी चूक होईल.

एकांताविषयी आमच्या मनात जी अढी आहे, तिचे कारण आम्ही जाणतो. दहा माणसांच्या एका खोलीत वाढलेल्याला बंद दाराआड बसण्याची चैन कोठली? चित्रे काढण्याची खोली हीसुद्धा जातीच्या आणि संपत्तीच्या उतरंडीवर वाटली गेली आहे. आमच्या वस्त्यांतील कितीतरी मुले भिंतींवर, पाट्यांवर, जयंतीच्या फलकांवर रंगवीत मोठी झाली आणि फलक रंगविणारेच राहिली. त्यांना रिकामा कॅनव्हास आणि रिकामा दिवस कधी मिळालाच नाही. म्हणून दोष एकांताला द्यावयाचा की त्याच्या विषम वाटणीला, हे नीट ठरविले पाहिजे. परळच्या चाळीतील एकाच खोलीत विद्यार्थी भीमरावाला अभ्यासासाठी शांतता मिळावी म्हणून रामजी सुभेदार त्यास रात्री दोन वाजता उठवीत असत, हे आपण सर्व जाणतो. पुढे दादरला ‘राजगृह’ बांधले गेले ते प्रामुख्याने ग्रंथांसाठी. बाबासाहेबांनी एकांत टाकला नाही; तो मिळविण्यासाठी त्यांना झगडावे लागले, आणि त्या एकांतात जे घडले ते त्यांनी समाजाच्या हाती दिले.

गायतोंडे यांनी काय दिले, याचा हिशेब बाजाराने आपल्या रीतीने मांडला आहे. २०१३ मध्ये मुंबईतील लिलावात त्यांचे १९७९ चे एक चित्र २३ कोटी ७० लाख रुपयांना विकले गेले; त्यानंतर हे आकडे वाढतच गेले. त्या वेळी चित्रकाराला जाऊन बारा वर्षे झाली होती. २०१४-१५ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले. या गोष्टींवर आमचे अधिक भाष्य नाही. आम्हांला अधिक मोलाची वाटते ती दुसरी घटना. १९८४ मध्ये दिल्लीत झालेल्या अपघातात ते गंभीर जखमी झाले आणि मोठ्या कॅनव्हासवर काम करणे कित्येक वर्षे शक्य झाले नाही. रोलर दूर राहिला. त्या काळात त्यांनी कागदाचे लहान तुकडे आणि शाई घेतली. काळ्या शाईच्या त्या रेषा एखाद्या लिपीसारख्या दिसतात, परंतु त्या कोणत्याही भाषेच्या नाहीत. थर नाहीत, खरडणे नाही, पुन्हा लावणे नाही. पुढे ते कॅनव्हासकडे परतले, नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी चित्रे काढणे थांबविले, आणि १० ऑगस्ट २००१ रोजी त्यांचे निधन झाले. पुढील रविवारी अभ्यासवर्गात या शाईच्या चित्रांपैकी काही आम्ही दाखविणार आहोत. त्या वृद्ध उपासकांनी पुढच्या रांगेत बसण्याचे कबूल केले आहे.