जांभळे ठिपके आणि एक अनपेक्षित उतारा

पावसाळ्यात डेंग्यूची साथ आली की ‘प्लेटलेट किती?’ हा प्रश्न घरोघरी ऐकू येतो. प्लेटलेट म्हणजे रक्तातल्या बिंबिका. एका घन मिलिमीटर रक्तात त्या साधारण दीड ते साडेचार लाख असतात आणि जखमेच्या तोंडाशी गोळा होऊन रक्त थोपवतात. पण डेंग्यूचा काहीही संबंध नसताना एखाद्या मुलाच्या बिंबिका एकाएकी वीस हजारांच्याही खाली जातात. बहुधा दोन-तीन आठवड्यांपूर्वी साधा सर्दीताप येऊन गेलेला असतो. मूल हसतखेळत असते आणि अंगावर जांभळे ठिपके, काळेनिळे डाग उमटतात. (वर्गात असे मूल दिसले तर मार बसल्याची शंका येणारच, ती जरूर मनात ठेवावी, पण रक्ततपासणीही करून घ्यायला सांगावे.) जर्मनीतील वैद्य वेर्लहोफ यांनी १७३५ मध्येच एका मुलीच्या अशा आजाराचे वर्णन करून ठेवले आहे.

बिंबिका जातात कुठे? १९१६ मध्ये प्राग येथील कात्स्नेल्सन या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने सुचवले, की प्लीहा त्यांचा नाश करत असावी. त्याच्या सांगण्यावरून एका रुग्ण स्त्रीची प्लीहा काढली आणि बिंबिका वाढल्या. अस्थिमज्जेत त्या तयारच होत नाहीत, असे मानणारेही होते. हा वाद पुढे तीसेक वर्षे चालला.

तो निकालात काढला अमेरिकेत सेंट लुईस येथे विल्यम हॅरिंग्टन यांनी, आणि तेही स्वतःच्या शरीरावर. १९५० मध्ये त्यांनी या आजाराच्या एका रुग्ण स्त्रीचे सुमारे अर्धा लिटर रक्त स्वतःला टोचून घेतले. काही तासांतच त्यांच्या बिंबिका जवळजवळ नाहीशा झाल्या, त्यांना झटकाही आला. काही दिवसांनी ते बरे झाले. आज कोणतीही नीतिसमिती अशा प्रयोगाला परवानगी देणार नाही. परंतु रुग्णाच्या रक्तातच बिंबिकांचा घात करणारे काहीतरी असते, हे त्यातून निर्विवाद दिसले. पुढे शुलमन यांनी १९६५ मध्ये दाखवले, की ते ‘काहीतरी’ म्हणजे प्रतिपिंडेच, इम्युनोग्लोब्युलिन-जी या वर्गातली.

आता स्वित्झर्लंडमधल्या बर्नला जाऊ. तिथे बारांडुन यांनी हजारो रक्तदात्यांच्या रक्तद्रवातून काढलेले इम्युनोग्लोब्युलिन शिरेतून सुरक्षितपणे देता येईल अशी रीत बसवली होती. त्याआधी ते स्नायूतच टोचावे लागे. शिरेतून दिले तर रेणूंच्या गुठळ्यांमुळे गंभीर प्रतिक्रिया येत. ज्यांच्या शरीरात प्रतिपिंडे तयार होत नाहीत, अशा मुलांसाठी हे औषध होते.

१९८० च्या सुमारास बर्नच्या बालरुग्णालयात पॉल इम्बाख यांच्याकडे एक मुलगा होता. त्याच्या बिंबिका कोणत्याच औषधाला दाद देत नव्हत्या. उलट, दीर्घ उपचारांनी त्याची प्रतिपिंडेच घटली होती. ती भरून काढण्यासाठी इम्युनोग्लोब्युलिन दिले आणि बिंबिका झपाट्याने वर चढल्या! इतर कोणी हा योगायोग म्हणून सोडून दिला असता. इम्बाख यांनी तेरा मुलांना, वजनाच्या दर किलोमागे ०.४ ग्रॅम या प्रमाणात, ओळीने पाच दिवस तेच दिले. सर्वांच्या बिंबिका वाढल्या. १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे प्रसिद्ध झाले. मला याहून मोलाचा वाटतो तो त्यांचा १९८५ चा अभ्यास. त्यात हा उपचार स्टेरॉइडच्या गोळ्यांशी रीतसर ताडून पाहिला होता.

पण ज्या जातीचे रेणू बिंबिकांचा नाश करतात, तेच ओतल्यावर बिंबिका वाचतात कशा? प्रतिपिंडाचे शेपूट पकडून भक्षक पेशी बिंबिका गिळतात. निरोगी माणसांच्या प्रतिपिंडांचा पूर आला, की त्या पेशींचे हात त्यांतच गुंततात, असे पहिले स्पष्टीकरण होते. १९९३ मध्ये पॅरिसमध्ये देब्रे व सहकाऱ्यांनी मुलांना रेणूचा केवळ शेपटाचा भाग दिला, तरी बहुतेकांत गुण आला. नंतर आणखी यंत्रणा पुढे आल्या. आज अनेक स्पष्टीकरणे आहेत, पण एकटे कोणतेच पुरे पडत नाही.

औषध मात्र थांबले नाही. जपानमध्ये फुरुशो यांनी १९८४ मध्ये ते कावासाकी या मुलांच्या आजारात वापरून हृदयाच्या धमन्या वाचवता येतात हे दाखवले. ठिपक्यांच्या आजारात आता ते सरसकट देत नाहीत. बहुतेक मुले काही आठवड्यांत वा महिन्यांत आपोआप बरी होतात. नुसते त्वचेवरचे डाग असतील तर डॉक्टर लक्ष ठेवून थांबतात. रक्तस्राव जास्त असेल, तेव्हा ते शिरेतून चढवले जाते.