वापरलेल्या सागरी डिझेल इंजिनाचे परीक्षण

वापरलेल्या सागरी डिझेल इंजिनाचे परीक्षण म्हणजे जुनी मोटरबोट विकत घेण्यापूर्वी तिच्या इंजिनाची झीज, गंज व कार्यक्षमता यांची केलेली पाहणी होय. केवळ तासमापकावरील आकडा पुरेसा नसतो. दीर्घकाळ बंद राहिलेले इंजिन कमी तास चालूनही गंजलेले असू शकते.

थंड इंजिनाची तपासणी

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेने इंधन पेटते. पिस्टन रिंगा झिजून दाब घटल्यास थंड इंजिन सुरू होण्यास वेळ लागतो. त्यामुळे परीक्षणापूर्वी इंजिन तापवलेले नसावे. वंगणतेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी मिसळल्याचे समजते. तेलाच्या प्रयोगशाळेतील पृथक्करणात लोहाचे वाढलेले प्रमाण झीज, तर सोडियमचे प्रमाण समुद्राचे पाणी शिरल्याची शक्यता दर्शवते. मात्र तेल नुकतेच बदललेले असल्यास हे निष्कर्ष विश्वसनीय ठरत नाहीत.

धुराचा रंग

* काळा: अपुरी हवा, सदोष इंधनपुरवठा किंवा अतिभार.
* निळा: वंगणतेलाचे ज्वलन.
* पांढरा: न जळलेले इंधन किंवा सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी. थंड इंजिनातून सुरुवातीस थोडा पांढरा धूर येणे स्वाभाविक असते. इंजिन तापल्यावरही तो टिकल्यास दोष संभवतो.

जलचाचणी

धक्क्याला बांधलेल्या बोटीत इंजिनावर पूर्ण भार येत नाही. म्हणून बोट पाण्यात पूर्ण वेगाने चालवून उत्पादकाने ठरवलेली फेरेसंख्या गाठली जाते का आणि तापमान स्थिर राहते का, हे पाहतात. फेरे कमी पडल्यास इंजिनाची शक्ती घटलेली असू शकते. परंतु अयोग्य मापाचा पंखा किंवा तळाला चिकटलेले शिंपले हीदेखील कारणे असतात.