वैद्य-रुग्ण मर्यादांचे शिक्षण

वैद्य-रुग्ण मर्यादांचे शिक्षण : शारीरिक जवळीक, भेटवस्तू, खाजगी स्नेहसंबंध, गोपनीयता इ. बाबतींत रुग्णाशी वागताना पाळावयाच्या मर्यादांचे वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना देण्यात येणारे शिक्षण. उपचारासाठी रुग्णाला आपले शरीर व खाजगी आयुष्य परक्या व्यक्तीपुढे उघडे करावे लागते. त्यामुळे वैद्याच्या हाती येणारी सत्ता उपचाराबाहेर वापरली जाऊ नये, हे या शिक्षणाचे प्रयोजन होय.

प्राचीन काळी हे शिक्षण अध्ययनाच्या प्रारंभीच दिले जाई. गुरूने अग्नी, ब्राह्मण व वैद्य यांच्या साक्षीने शिष्यास करावयाचा उपदेश चरकसंहितेच्या विमानस्थानात (अध्याय ८) आला आहे. परिचित व्यक्तीबरोबर, अनुमतीनेच रुग्णाच्या घरात जावे. तेथे मन रुग्णाच्या हिताखेरीज कशातही गुंतवू नये. घरातील गोष्टी बाहेर सांगू नयेत. पतीच्या वा पालकाच्या अनुमतीवाचून स्त्रीने दिलेली वस्तू स्वीकारू नये, असे त्यात सांगितले आहे. ग्रीक परंपरेतील हिपॉक्राटीझच्या शपथेत रुग्णाच्या घरातील स्त्रीपुरुषांशी, मग ते स्वतंत्र असोत वा गुलाम, लैंगिक संबंध निषिद्ध मानले आहेत. चरकाच्या नियमात मात्र अनुमती स्त्रीची नसून पतीची आहे. जपावयाची ती प्रामुख्याने घराची प्रतिष्ठा होती.

टॉमस पर्सिव्हल यांच्या मेडिकल एथिक्स (१८०३) या ग्रंथापासून व्यावसायिक आचारसंहितांचे युग सुरू झाले. तथापि त्यांत वैद्यांच्या परस्परसंबंधांना मोठे स्थान होते. रुग्णालयात विद्यार्थी बहुधा वरिष्ठांचे अनुकरण करूनच वागणूक शिकत. त्यामुळे सद्‌वर्तनाबरोबर गैरवर्तनही अंगवळणी पडण्याचा धोका राही.

मर्यादाभंगामागील मानसिक प्रक्रियेकडे सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१५ मध्ये लक्ष वेधले. रुग्णाला वाटणारे प्रेम उपचाराच्या परिस्थितीतूनच उद्‌भवते. म्हणून वैद्याने त्याचा लाभ घेता कामा नये, असे त्यांनी प्रतिपादिले. रुग्णाची संमती होती, ही सबब अपुरी का ठरते, याचे उत्तर या विचारात मिळते. अमेरिकन मनोरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये रुग्णाशी लैंगिक संबंध अनैतिक ठरविले. कॅनडातील आँटॅरिओ प्रांतात १९९१ मध्ये वैद्यांच्या नियामक संस्थेने या प्रश्नावर कार्यगट नेमला. त्यानंतर झालेल्या कायद्याने अशा विशिष्ट कृत्यांसाठी नोंदणी रद्द करणे सक्तीचे केले. तसेच व्यावसायिकांच्या शिक्षणाची जबाबदारीही नियामक संस्थांवर टाकली.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांत रुग्णाशी अनुचित संबंध ठेवणे हे गैरवर्तन मानले आहे. २०१९ पासून एम्. बी. बी. एस्. अभ्यासक्रमात वृत्ती, नीती व संज्ञापन या विषयाचा समावेश झाला असून त्यात वैद्य-रुग्ण संबंध, संमती व गोपनीयता यांवर चर्चा आणि रुग्णोदाहरणे यांच्या साहाय्याने शिक्षण दिले जाते. नियम शिक्षेचे भय दाखवू शकतो. परंतु साधी भेटवस्तू किंवा अवेळी केलेली खाजगी विचारपूस कोणत्या क्षणी मर्यादा ओलांडते, हे ओळखण्याची सवय सरावानेच लागते. घराच्या प्रतिष्ठेऐवजी रुग्णाची स्वतःची प्रतिष्ठा केंद्रस्थानी येणे, हे या दीर्घ इतिहासातील महत्त्वाचे स्थित्यंतर होय.