दाब आणि गारवा : इंटरकूलरचा इतिहास



या व्यासपीठावरून संतांविषयी, राज्यकर्त्यांविषयी आणि ग्रंथांविषयी बोलण्याची प्रथा आहे. मी आज मोटारीच्या नाकाडाशी बसविल्या जाणाऱ्या एका ॲल्युमिनियमच्या पेटीविषयी बोलणार आहे. मी इंजिनियर नव्हे. दहावीनंतर फिटर म्हणून कारखान्यात लागलो, इंजिनांच्या चाचणीच्या शेडमध्ये सात वर्षे काढली आणि पुढे युनियनचे काम अंगावर आले. पुस्तके वाचली ती रात्रपाळीत आणि संपाच्या रिकाम्या दिवसांत. तेव्हा माझ्या बोलण्यात पंडिताची सफाई नसेल; हाताला बसलेल्या चटक्यांचा पुरावा मात्र आहे.

विषयाला निमित्त झाले ते आमच्या एका जुन्या सहकाऱ्याच्या मुलाचे. त्याने एक जुनी टर्बो डिझेल गाडी घेतली. तिला कारखान्यातून इंटरकूलर आलेला नव्हता. भंगारबाजारातून एका मोठ्या गाडीचा इंटरकूलर आणून तो बसवायचा, असे त्याच्या मनाने घेतले. 'काका, तुम्ही शेडमध्ये होता, जरा या,' म्हणाला. मी गेलो. त्या दोन रविवारांत त्याने मला जे प्रश्न विचारले, त्यांची उत्तरे शोधता शोधता मी सव्वाशे वर्षे मागे गेलो.

प्रथम मूळ गोष्ट. इंजिनाची ताकद इंधनात असते असे आपण समजतो. ते अर्धेच खरे आहे. इंधन ओतणे सोपे. ते जाळायला पुरेशी हवा कोंबणे अवघड. बाहेर फेकल्या जाणाऱ्या धुराच्या जोराने एक चक्र फिरवावे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने ताजी हवा दाबून सिलिंडरात घालावी, हा टर्बोचा विचार. विंटरथूरचे स्विस इंजिनियर आल्फ्रेड ब्यूखी यांनी 1905 साली त्याचे पेटंट घेतले. पण कल्पना कागदावर उतरणे आणि लोखंडात उतरणे यांत किती अंतर असते, हे कारखान्यातल्या माणसाला सांगावयास नको. ब्यूखींना धडधडीत यश आले ते 1920 नंतरच्या दशकात, 'प्रॉइसेन' आणि 'हान्सेश्टाट डान्झिग' या दोन जर्मन जहाजांवर. तेथील डिझेल इंजिनांची ताकद 1750 अश्वशक्तीवरून 2500वर गेली. पेटंटापासून जहाजापर्यंत वीस वर्षे लागली.

दरम्यान पहिले महायुद्ध झाले. विमान उंच गेले की हवा विरळ होते आणि इंजिन धापा टाकू लागते. फ्रान्समध्ये ओग्यूस्त रातो यांनी यावर टर्बोचा उपाय काढला आणि अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी तो पुढे नेला. 1918 साली मॉस यांनी लिबर्टी जातीचे इंजिन कोलोरॅडोतील पाइक्स पीक या चौदा हजार फुटांहून उंच शिखरावर चढविले. समुद्रसपाटीवर 350 अश्वशक्ती देणारे ते इंजिन वर 230वर आले. टर्बो जोडताच 356 झाले. डोंगराने काढून घेतलेले सारे परत मिळाले, वर थोडे व्याजही.

येथपर्यंतची कथा दाबाची आहे. इतिहास साधारणपणे एवढाच सांगितला जातो. पण खरी अडचण पुढेच आहे.

सायकलच्या चाकात जोराने हवा भरा आणि पंपाच्या तळाशी बोट लावा; चटका बसेल. हवा दाबली की तापते आणि तापली की पसरते. ढोबळ हिशेब सांगतो. आपल्या उन्हाळ्यातली 30 अंशांची हवा टर्बोने दुप्पट दाबली, तर ती सुमारे 125 अंशांवर जाते. दाब दुप्पट झाला म्हणून हवाही दुप्पट मिळाली असे वाटेल. प्रत्यक्षात मिळते ती दीडपट. उरलेला दाब नुसत्या उष्णतेचा फुगवटा असतो. तीच हवा वाटेत 55 अंशांपर्यंत निवविली, तर नळ्यांतल्या अडथळ्याने थोडा दाब गळूनही पावणेदोनपट हवा आत जाते. शिवाय पेट्रोलचे इंजिन तापलेल्या हवेने ठोकू लागते. ठिणगी पडण्याआधी वा नको त्या जागी मिश्रण पेटते आणि पिस्टन भाजून निघतो. दाबाचा घड्याळी काटा वर चढलेला दिसतो, पण इंजिन आतून मरत असते.

म्हणून वाटेत गारवा हवा. दाबण्याचे दोन टप्पे असत, तेथे त्यांच्या मधोमध हवा निवविणारा तो इंटरकूलर. शेवटच्या टप्प्यानंतर निवविणाऱ्याला खरे म्हणजे आफ्टरकूलर म्हणावयास हवे. मोटारवाल्यांनी हा भेद सोडून दिला आणि सरसकट इंटरकूलर म्हटले.

दुसऱ्या महायुद्धात या पेटीवर विमानांचे भवितव्य अवलंबून राहिले. 1941च्या शरदात जर्मनांचे फोके-वुल्फ 190 आकाशात आले आणि त्या वेळची स्पिटफायर विमाने त्यापुढे लंगडी पडली. रोल्स-रॉइसच्या मर्लिन इंजिनावर तेव्हा स्टॅन्ले हूकर काम करीत होते. ते मूळचे गणिती. त्या इंजिनाला दोन टप्प्यांचा सुपरचार्जर बसला. पण दोनदा दाबलेली हवा इतकी तापते की तिला निवविल्याखेरीज उपयोग नाही. म्हणून पाण्यावर चालणारा थंडावा त्यासोबत आला. हे इंजिन घेऊन स्पिटफायर मार्क नऊ 1942च्या उन्हाळ्यात लढाईवर गेले आणि पारडे पुन्हा बरोबरीला आले.

अमेरिकेच्या पी-38 विमानाची हकीगत याहून बोधप्रद आहे. त्याचा इंटरकूलर पंखाच्या पुढच्या कडेत, पोकळीत बसविला होता. इंजिन हजार अश्वशक्तीच्या आसपासचे होते, तोवर तो पुरला. पुढे इंजिनाची ताकद वाढवीत नेली. थंडावा मात्र जुनाच राहिला. परिणाम असा की इंजिन जे देऊ शकत होते ते वैमानिकाला घेताच येईना. घेतले तर इंजिन फुटण्याचे भय. अखेर 1943 साली 'जे' आवृत्तीत इंटरकूलर पंखातून काढून इंजिनाच्या हनुवटीखाली आणला. तेव्हा उलट तक्रार आली : युरोपच्या उंच आकाशातील थंडीत हवा गरजेपेक्षा जास्त निवू लागली. गारव्यालाही माप असते, हा त्यातला धडा.

युद्ध संपले आणि ही विद्या जमिनीवर आली. बी-17 बाँबफेकी विमानांसाठी इंटरकूलर करणाऱ्या गॅरेट कंपनीने पुढे 1950 नंतर कॅटरपिलरच्या अवजड यंत्रांसाठी टर्बो केले. मोटारीत टर्बो आला 1962 साली. त्या वर्षीच्या ओल्ड्समोबिल जेटफायरमध्ये इंटरकूलर नव्हता. त्याऐवजी पाणी आणि मेथॅनॉल यांचे मिश्रण हवेत फवारीत. त्याची बाटली भरणे मालकाकडे होते. मालक विसरले! बाटली रिकामी झाली की यंत्रणा दाब रोखून धरी आणि ग्राहक म्हणे, गाडीत दम नाही. दोन हंगामांत ती गाडी बंद झाली. कामाच्या गारव्याची जबाबदारी वापरणाऱ्याच्या आठवणीवर टाकली की काय होते, ते येथे दिसले. पोर्शेने 1978च्या नमुन्यात 911 टर्बोच्या मागच्या पंखाखाली इंटरकूलर ठेवला; थोडे मोठे इंजिन आणि हा थंडावा मिळून ताकद 260वरून 300 अश्वशक्तीवर गेली. येथून पुढे टर्बो आणि इंटरकूलर यांची जोडी रूढ झाली.

आपल्याकडे ही जोडी मोटारीतून आली नाही. ती आगगाडीतून आली. 1962 साली अमेरिकेच्या आल्को कंपनीची डब्ल्यूडीएम-2 डिझेल एंजिने भारतात उतरली. सोळा सिलिंडर, 2600 अश्वशक्ती, टर्बो आणि त्याच्यापुढे पाण्याचा आफ्टरकूलर. 1964पासून ती वाराणसीस होऊ लागली. पुण्याला घोरपडीच्या डिझेल शेडात किती मराठी फिटरांचे आयुष्य या एंजिनांखाली गेले! पुढे 1990च्या दशकात याच एंजिनाची ताकद 3100 अश्वशक्तीवर नेली, तेव्हा अधिक क्षमतेच्या टर्बोबरोबर मोठा आफ्टरकूलरही घातला. पी-38वाल्यांना जे ठेच लागून कळले, ते येथे आरंभीच ध्यानात ठेवले. त्याच 1962 साली पुण्यात किर्लोस्कर कमिन्स स्थापन झाली आणि आपल्या भागातल्या कामगारांचा डिझेल इंजिनांशी संबंध अधिक घट्ट झाला. 2000 नंतर धुराचे नियम कडक होत गेले, तसा मालमोटारींवरही इंटरकूलर आला. कारण गार हवेने ज्वलनाचे तापमान उतरते आणि नायट्रोजनचे विषारी वायू कमी होतात.

आता त्या मुलाच्या गाडीकडे येतो. पेटी बसविणे हा कामाचा सर्वांत सोपा भाग. तिला समोरून वारा मिळाला पाहिजे, म्हणून ती रेडिएटरच्या पुढे लावतात. पण ती फार मोठी असली तर रेडिएटरचाच वारा अडतो. नळ्या लांबल्या की दाब भरायला वेळ लागतो आणि पाय दाबल्यावर गाडी क्षणभर विचार करीत बसते. वळणे जितकी थोडी तितके बरे. जुन्या इंटरकूलरच्या पोटात आधीच्या टर्बोचे तेल आणि कधी धातूचे कण असतात. ते धुतल्याखेरीज लावणे म्हणजे नव्या इंजिनाला जुन्याचे दुखणे देणे.

एवढे सर्व आम्ही पाहिले आणि तरी चुकलो. खंबाटकीच्या चढावर गाडीने एकदम काळा धूर सोडला आणि दम टाकला. झाकण उघडले तो रबरी होज नळीवरून निसटलेला. नळी कापली होती सरळ. तिच्या टोकाला उंचवटा काढलेला नव्हता, म्हणून क्लिप कितीही आवळली तरी दाबाखाली होज सरकणारच. टोकांना वेल्डिंगचा उंचवटा काढला आणि नळ्यांत दाबाची हवा भरून, साबणाचे पाणी लावून गळती तपासली, तेव्हा गाडी नीट झाली. मग तो म्हणाला, 'काका, आता थोडा दाब वाढवू या.' मी नको म्हटले. मोटार वाहन अधिनियम 1988च्या कलम 52प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही. तो कागदाचा प्रश्न आधीच आमच्या डोक्यावर होता आणि तो सोडविल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढण्यात आमची चूकच झाली होती. पण नको म्हणण्याचे माझे कारण निराळे होते. ते सांगून मी थांबतो.

1998 साली मी कारखान्याच्या कमिटीवर नवा होतो. व्यवस्थापनाने चाचणीच्या शेडमध्ये पाळीमागे होणाऱ्या इंजिनांची संख्या वाढविण्याचा प्रस्ताव आणला. पगारवाढ चांगली होती. शेडमध्ये तापलेली हवा बाहेर काढणारे पंखे वाढवावेत, ही आमची मागणी यादीत सातवी होती. वाटाघाटीत ती 'पुढे पाहू' या सदरात गेली आणि करार झाला. त्या करारावर माझी सही आहे. मे महिन्यात आमच्यातला सर्वांत जुना टेस्टर, ज्याला आम्ही सारे मामा म्हणत असू, तो दुपारी इंजिनाशेजारी कोसळला. जीव वाचला, पण मामा पुन्हा शेडमध्ये उभे राहिले नाहीत. त्यांना फाटकावर बसविले. पंखे महिनाभरात आले. दरवाज्यातून जाताना ते मला नेहमीसारखे 'राम राम' करीत. एकदा रागावले असते तर मला बरे वाटले असते.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरविली, तेव्हा मागण्यांत रविवारची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती होती. रविवार 1890 साली मिळाला. सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विसावा, हे 1948च्या कारखाने अधिनियमाने लिहून ठेवले. माणूस म्हणजे यंत्र नव्हे. यंत्र थकत नाही आणि त्याच्या घरी कोणी वाट पाहत नसते. म्हणून मी दोघांची तुलना करणार नाही. एवढेच म्हणेन, की जे ज्ञान आपण लोखंडाच्या बाबतीत मान्य केले, ते माणसाच्या बाबतीत आपण फार उशिरा आणि फार कुरकुरत मान्य करतो.

ज्यांनी गारव्याची सोय आधी केली त्यांचा दाब कामी आला. ज्यांनी ती सातव्या क्रमांकावर ठेवली, त्यांचे काही ना काही फुटले. आपल्यापैकी कोणी उद्या कोठे करारावर सही करण्यास बसेल, कोणी दुकानात नोकर ठेवील, कोणी घरात सुनेवर किंवा मुलावर कामाचा नवा भार टाकील. त्या वेळी दाब किती वाढवावयाचा हे ठरविण्यापूर्वी गारव्याचे काय, एवढा एक प्रश्न विचारावा. मी तो 1998 साली विचारला होता. पण उत्तर मिळेपर्यंत थांबलो नाही, ही माझी चूक.